राउटर हलवण्याआधी बीपी मोजा

"डॉक्टर, ऑफिसात वायफाय आल्यापासून डोकं दुखतंय." बावड्यातल्या दवाखान्यात हे वाक्य आठवड्यातून एकदा तरी ऐकू येतं.

गेल्या गळीत हंगामात एक कारकून आले. टेबलावर कॉर्डलेस फोन, मागच्या भिंतीवर राउटर. त्यांनी फोन दुसऱ्या खोलीत नेला, मोबाइलला 'रेडिएशन रोखणारं' स्टिकर चिकटवलं आणि सहा महिने मेडिकलमधून गोळ्या आणून खाल्ल्या. बीपी मात्र एकदाही मोजलं नाही. मी मोजलं तर 180/110! मी त्यांना चांगलंच रागावलो. आता रोजची गोळी आणि कमी मीठ यांवर बीपी आटोक्यात आहे, डोकंही दुखत नाही.

या उपकरणांतून रेडिओलहरी निघतात. क्ष-किरणांसारखी डीएनए तोडण्याची ताकद त्यांच्यात नसते. कॉर्डलेस फोन बोलताना सरासरी 10 मिलिवॅटच सोडतो, आणि राउटरपासून हातभर दूर बसलं तरी लहरी खूप क्षीण होतात. 2011 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने या लहरींना 'कदाचित कर्करोगकारक' गटात टाकलं, ती भीती अजून फिरते आहे. पण त्याच संघटनेने करवून घेतलेल्या आढाव्यात 63 अभ्यास तपासले गेले. मोबाइल आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही, असं 2024 मध्ये जाहीर झालं.

स्टिकरवर पैसे घालवू नका. 2020 मध्ये शेणापासून बनवलेली चिपही मोबाइलचं रेडिएशन कमी करते, असा दावा झाला. शेकडो शास्त्रज्ञांनी पुरावा मागितला. स्टिकरने लहरी खरंच अडल्या, तर टॉवर गाठायला मोबाइल उलट जास्त जोर लावेल.

डोकेदुखीची कारणं बहुधा साधीच असतात: चाळिशीचा चष्मा न लावणं, जेवणाऐवजी चहा, अपुरी झोप, वाकलेली मान. घाबरू नका, पण तपासून घ्या. पहाटे डोकं दुखून उलटी होणं, फिट येणं, दृष्टी अंधुक होणं, एकाच कानाने कमी ऐकू येणं, यांचं खापर फोनवर फोडत घरी बसू नका. तोंड वाकडं झालं, बोबडी वळली, एका बाजूचा हातपाय लुळा पडला, तर माझ्याकडेही थांबू नका. तडक अकलूज किंवा बारामतीचं मोठं हॉस्पिटल गाठा.

पेसमेकर बसवलेल्यांनी मोबाइल शर्टाच्या खिशात ठेवू नये, छातीपासून सहा इंच लांब ठेवावा आणि दुसऱ्या बाजूच्या कानाला लावावा. भिंतीवरच्या राउटरची भीती त्यांनीही बाळगायला नको.