अभिरूप राष्ट्रसभेची पूर्वतयारी

हॉलंडमधील लायडन हे जुन्या विद्यापीठाचे नगर होय. इ. स. १५७४ मध्ये स्पॅनिश सैन्याचा वेढा उठून ते मुक्त झाले, आणि १५७५ मध्ये तेथे विद्यापीठाची स्थापना झाली. त्या नगरात हल्ली विद्यार्थ्यांच्या अभिरूप संयुक्त राष्ट्रसभा भरतात. प्रत्येकास एकेका राष्ट्राचे प्रतिनिधित्व मिळते. भाषणे व वाटाघाटी होतात आणि अखेर ठरावावर मते घेतली जातात. अशा सभेची तयारी कशी करावी, याविषयी चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

वर्गात सरावासाठी आम्ही समुद्रविषयक कायद्याचा विषय घेतला व एका विद्यार्थ्यास नेपाळची बाजू दिली. तो घुटमळला. "सर, वेळ आली तर भारताविरुद्ध बोलावे लागेल. मनात नसलेले बोलणे म्हणजे खोटे बोलणेच नव्हे काय?" प्रश्न प्रामाणिक होता. त्याचे उत्तर लायडनच्याच एका विद्यार्थ्याच्या चरित्रात सापडते.

ह्यूगो ग्रोशियस १५९४ मध्ये, वयाच्या ११ व्या वर्षी, या विद्यापीठात दाखल झाला. पूर्वेकडील समुद्रमार्गावर त्या काळी पोर्तुगीज आपला हक्क सांगत. त्यांच्या तेथील सत्तेचे मुख्य ठाणे म्हणजे आपला शेजारी गोवा. डच व्यापारी कंपनीची बाजू मांडण्यासाठी ग्रोशियसने लेखणी उचलली. १६०९ मध्ये 'मारे लिबेरुम', म्हणजे 'मुक्त सागर', हे पुस्तक लेखकाच्या नावाविना प्रसिद्ध झाले. समुद्र कोणा एकाच्या मालकीचा नाही, तो सर्वांस मोकळा आहे, हा त्यातील सिद्धान्त. पुढे मसाल्याच्या बेटांत डच लोकच इंग्रजांस अटकाव करू लागले. १६१३ मध्ये लंडन येथे वाटाघाटी झाल्या, तेव्हा डच प्रतिनिधींत ग्रोशियस होता. आणि इंग्रजांनी त्या पुस्तकातीलच युक्तिवाद त्याच्यापुढे ठेविला! बेटांतील सत्ताधाऱ्यांशी झालेल्या करारांचा आधार घेऊन त्यास उत्तर द्यावे लागले.

यातून बोध हा की, दुसऱ्याची बाजू मांडणे हे असत्य नव्हे. वकीलही ते करितो. परंतु जे तत्त्व उद्या आपणांवर उलटले असता आपण मानणार नाही, ते आज दुसऱ्यास सांगणे, किंवा गैरसोयीची वस्तुस्थिती दडविणे, यात मात्र असत्य आहे.

आता प्रत्यक्ष तयारीकडे वळू. प्रथम नकाशा उघडावा. नेपाळास समुद्रकिनारा नाही. त्याच्या परदेशी मालाचा मोठा भाग कोलकाता बंदरातून भारताच्या भूमीवरून जातो. नंतर इतिहास पाहावा. १९८९ मध्ये व्यापार व मालवाहतुकीचे करार संपुष्टात आले, सरहद्दीवरील बहुतेक नाकी बंद झाली आणि नेपाळी जनतेस इंधनाची टंचाई सोसावी लागली. हे वाचून आमचा विद्यार्थी बराच वेळ गप्प बसला. नंतर म्हणाला, "सर, आता मला बोलता येईल."

तिसरी पायरी कायद्याची. १९८२ च्या सागरी कायद्याच्या करारात किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतचा समुद्र किनारी राष्ट्राच्या सत्तेखाली, आणि २०० मैलांपर्यंतच्या संपत्तीवर त्याचा विशेष हक्क, अशी व्यवस्था आहे. त्याच्या १२५ व्या कलमाने भूवेष्टित राष्ट्रांस समुद्रापर्यंत जाण्यायेण्याचा हक्क दिला आहे. परंतु तेच कलम पुढे सांगते की, वाहतुकीच्या अटी संबंधित राष्ट्रांनी आपसांत ठरवाव्या, आणि ज्याच्या भूमीवरून माल जातो त्यास आपल्या न्याय्य हिताचे रक्षण करिता यावे. विद्यार्थ्याने वहीच्या डाव्या पानावर कलमाचा पूर्वार्ध लिहावा व उजव्या पानावर उत्तरार्ध. उजवे पान कोरे असेल, तर तयारी अपुरी आहे असे समजावे.

शेवटी ठरावाचा मसुदा. त्यातील प्रत्येक क्रियापद तोलून घालावे. 'विनंती करिते' आणि 'निषेध करिते' यांत एका शब्दाचा फरक, परंतु एकाने दार उघडते व दुसऱ्याने लागते.

विद्यार्थिमित्रहो, अशा सभेत बक्षीस मिळो वा न मिळो. शेजाऱ्याच्या अडचणीचे ओझे चार दिवस स्वतःच्या खांद्यावर वाहून पाहिलेला मुलगा घरी परततो, तेव्हा आपल्या देशावरील त्याचे प्रेम कमी झालेले नसते. ते अधिक डोळस झालेले असते.