राखणीच्या कुत्र्याचा दुखरा पंजा व त्याची घरगुती शुश्रूषा

शेतकऱ्याच्या पशुधनाची गणना करितांना बैल, गाय, म्हैस, शेळी ह्यांचीं नांवें येतात. राखणीच्या कुत्र्याचें नांव बहुधा राहून जातें. परंतु भुईमूग व मका रात्रीं रानडुकरांपासून राखावयाचा तो ह्याच प्राण्याच्या भरंवशावर. तो लंगडूं लागला म्हणजे रात्रीचा पहाराच लंगडा पडतो. म्हणून त्याच्या पंजाची काळजी घरीं कशी घ्यावी, व घरचा उपचार कोठें थांबवावा, ह्याचा थोडक्यांत विचार करूं.

पंजा खाजूं अगर दुखूं लागला कीं कुत्रा तो सारखा चाटतो. त्या ओलाव्यानें कातडी नरम पडून लाल होते, खाज वाढते, व खाज वाढली म्हणून तो पुन्हा चाटतो. हें रहाटगाडगें थांबविणें हाच उपचाराचा मुख्य भाग होय. ह्यावरूनच एक नियम निघतो: जें पंजास लावावें तें घटकाभरांत पोटांत जातें. जें पोटांत जाऊं नये तें पंजासही लावूं नये.

पाहणी आधीं, औषध मागाहून.— कुत्र्यास दिवसाउजेडीं ओळखीच्या माणसानें धरावें. वेदनेच्या भरांत गरीब कुत्राही धन्यास चावतो. जरूर पडल्यास मऊ पट्टीनें त्याचें तोंड पाहणीपुरतेंच बांधावें. मग तळव्याच्या गाद्या, बोटांमधील खांचा व नखें क्रमानें पाहावीं. एकच पंजा दुखत असेल तर कारण बहुतेक बाहेरची वस्तु असते. चारही पंजे लाल असतील तर तापलेली भुई, चिखल, फवारलेलें औषध किंवा अंगांतील खाजेचा विकार ह्यांचा संशय घ्यावा.

बाभळीचा कांटा व सराटा चिमट्यानें सरळ ओढून निघतात. कुसळ मात्र फसवें. त्यावरील केस मागें वळलेले असल्यामुळें तें पुढेंच सरकतें. बोटांमध्यें बारीक छिद्र पडून पाणी झिरपत असेल तर तें आंत शिरलें असावें. कोरीत न बसतां पशुवैद्याकडे जावें. गोचीड कातडीलगत चिमट्यानें धरून ओढावी, बोटांनीं चिरडूं नये. पायाच्या आंतल्या बाजूचें उंचावरील नख जमिनीस न लागल्यानें झिजत नाहीं व कधीं कधीं वळून मांसांत रुततें, तेंही पाहावें.

उपचार.— अर्धा लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यांत चहाचा एक सपाट चमचा मीठ विरघळवून त्यांत पंजा ५ ते १० मिनिटें बुडवावा. दिवसांतून दोनदां पुरे. धुण्याइतकेंच पुसणें महत्त्वाचें. बोटांमध्यें ओल राहिली तर कातडी कुजते. पंजा भाजला असल्यास साधें थंड पाणी निदान १० मिनिटें ओतावें, बर्फ लावूं नये. तणनाशक अगर खत लागलें असल्यास चाटूं देण्यापूर्वींच साबण व भरपूर पाण्यानें धुवावें. जखमेवर स्वच्छ सुती पट्टी सैल बांधून रोज बदलावी, भिजल्यास लगेच सोडावी. आवळलेल्या पट्टीनें पंजा सुजतो. चाटणें थांबविण्यास गळ्याभोवतीं नरसाळ्याच्या आकाराचा पुठ्ठा बांधावा.

वर्ज्य गोष्टी.— रॉकेल, फिनेल, चुना, यंत्राचें जळकें तेल ह्यांनीं कातडी पोळते व चाटल्यास अपाय होतो. गुरांचें गोचिडाचें औषध अंदाजानें कुत्र्यास लावूं नये. माणसाच्या पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन इत्यादि गोळ्या मुळींच देऊं नयेत. त्यांनीं कुत्रा दगावूं शकतो.

घरच्या उपचाराची मर्यादा.— दोन दिवसांत उतार न पडल्यास, पंजा सुजल्यास, पू, दुर्गंधि किंवा अळ्या दिसल्यास, अथवा पाय टेकवत नसल्यास पशुवैद्यकीय दवाखाना गांठावा. स्वभाव एकाएकीं पालटून लाळ गळूं लागल्यास कुत्र्यापासून दूर राहून पशुवैद्यास कळवावें. कुत्रा चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्यानें १५ मिनिटें धुऊन त्याच दिवशीं डॉक्टरकडे जावें. रेबीज एकदां उद्भवला म्हणजे त्यावर बहुधा इलाज चालत नाहीं. कुत्र्यास त्याची लस वेळच्या वेळीं टोंचून घेणें हें प्रत्येक मालकाचें कर्तव्य आहे.

रोज सायंकाळीं राखणीस सोडण्यापूर्वीं चारही पंजे पाहून पुसण्यास फार वेळ लागत नाहीं. उन्हाळ्यांत हाताची मागील बाजू जमिनीवर ७ सेकंद ठेववत नसेल तर त्या भुईवर कुत्र्यासही चालवूं नये. एवढी नित्याची पाहणी ठेवल्यास पुष्कळशीं दुखणीं मुळांतच आटोक्यांत येतात.