शेणखतातले प्लास्टिक

प्रश्न : जयपूरच्या चारदीवारीतल्या (तटाआतल्या जुन्या शहरातल्या) गल्ल्यांत गोळा केलेल्या शेणात पिशव्यांचे तुकडे असतात. खत होताना तेही कुजतात का?

उत्तर : पॉलिथिन कुजत नाही. शेणाचा ढीग आतून साधारण ५५ ते ६५ अंश तापतो. पॉलिथिन वितळायला शंभराच्या वर जावे लागते, आणि जिवाणू-गांडुळांना ते पचत नाही. गाईने गिळलेली पिशवी बहुधा तिच्या पोटातच गोळा होऊन राहते. शेणातले तुकडे मुख्यतः गल्ली झाडताना मिसळलेले असतात. राजस्थानात कॅरीबॅगवर १ ऑगस्ट २०१० पासून बंदी आहे, ती कागदावर.

प्लास्टिक निवडायचे ते ढीग लावण्याआधी. ओला ढीग फावड्याने परतला की पिशवीच्या चिंध्या होतात, मग त्या हाती लागत नाहीत. महाराष्ट्रातल्या शेतांत अंथरतात त्या प्लास्टिकच्या मल्चिंग पेपरचेही तेच : उन्हाने ठिसूळ झालेला २५ मायक्रॉनचा पेपर नांगरटीआधी गुंडाळला नाही, तर काडीकचऱ्यासोबत तो उकिरड्यात जातो. तयार खत वाळवून ४ मिलिमीटरच्या चाळणीने चाळावे. त्यानंतरही तुकडे चमकत असतील, तर ते खत शेतात घालू नये.