आजोबांचा आवाज किती बिटांत मावेल?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. त्या पहाटेची हकिकत लातूरच्या आजोबांनी तासभर सांगितली व तुम्ही ती मोबाइलवर ‘वेव्ह’ प्रकारात ध्वनिमुद्रित केली, असे समजा. नांदेडच्या मामांना पाठवण्यासाठी फाइल लहान करायची आहे. किती लहान करावी?

आधी हिशेब करू. सीडीच्या दर्जासाठी ध्वनिलहर सेकंदास ४४,१०० वेळा मोजतात व प्रत्येक मोजमाप १६ बिटांत लिहितात. म्हणजे एका वाहिनीस सेकंदाला ७,०५,६०० बिट. ८ बिटांचा १ बाइट. तेव्हा तासाला सुमारे ३१८ मेगाबाइट लागतात.

एमपी३ पद्धतीत मोठ्या आवाजाखाली झाकला जाणारा बारीक आवाज गाळतात. सेकंदाला जितके बिट वापरायचे, तो बिटरेट. तो ६४ किलोबिट ठेवला, तर तोच तास सुमारे २९ मेगाबाइटांत मावतो. एकट्या माणसाच्या बोलण्याला एवढे पुरते. हलगीला मात्र पुरत नाही. तिची थाप एकदम उमटते. बिट कमी पडले की थापेच्या किंचित आधीच फुसफुस उमटते. तेथे दोन वाहिन्यांना मिळून १९२ किंवा २५६ किलोबिट घ्यावेत.

गाळलेला आवाज परत मिळत नाही. ६४ ची फाइल ३२० ने पुन्हा साठवली, तर आकार वाढेल, आवाज सुधारणार नाही. म्हणून मूळ फाइल जपा व प्रत्येक प्रत तिच्यावरूनच काढा. आजोबा तीच हकिकत पुन्हा तशीच सांगतील, असे नाही.

करून पाहा : एकच मिनिट ३२, ६४ व १२८ ने साठवा. आकडा न सांगता मित्राला ऐकवा. त्याला फरक कोठे कळतो?