अंडे, माळ आणि बधिर झालेले पाय

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. वलगावच्या माझ्या दवाखान्यात साठी ओलांडलेले एक माळकरी शेतकरी आले. दोन्ही तळपायांना मुंग्या येतात, चालताना पायातली चप्पल केव्हा गळून पडली ते कळत नाही आणि रात्री अंधारात उठले की तोल जातो, अशी त्यांची तक्रार होती. रक्त तपासले तेव्हा ब-१२ हे जीवनसत्त्व फारच कमी निघाले. सोबत आलेल्या मुलाने घरी वडिलांना रोज दोन उकडलेली अंडी सुरू करण्याचा हट्ट धरला होता. काकाजींनी गळ्यातल्या माळेला हात लावून मला विचारले, "डॉक्टरसाहेब, पोट्टं म्हंते अंडं शाकाहारी असते. खरं हाये काय जी?"

हा प्रश्न मला वर्षातून पाच-सात वेळा तरी विचारला जातो. म्हणून आज जरा सविस्तर लिहितो.

मुलाचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. कोंबडी अंडे घालते त्यासाठी कोंबडा लागत नाही. पोल्ट्रीत पिंजऱ्यातल्या कोंबड्यांजवळ कोंबडा नसतोच, त्यामुळे तिथल्या अंड्यातून २१ दिवस उबवूनही पिल्लू निघणार नाही. गावरान अंड्याचे मात्र तसे सांगता येत नाही, कारण अंगणात कोंबडा फिरत असतो. (बलकावर कधी दिसणारा रक्ताचा ठिपका म्हणजे पिल्लू नव्हे, अंडे तयार होताना कोंबडीची बारीक रक्तवाहिनी फुटून तो येतो.) परंतु हिंसेचा हिशेब एवढ्यावर संपत नाही. अंड्यांच्या धंद्यात नर पिल्ले उपयोगाची नसल्याने ती जन्मतःच मारली जातात. दुधाच्या धंद्यातही गोऱ्ह्यांचे काय होते हे शेतकऱ्याला मी सांगायला नको.

कायद्याने पाहू जाता, आपल्या देशात अंडे मांसाहारात धरले आहे. २००१ साली खाद्यपदार्थांच्या पाकिटावर खूण छापणे सक्तीचे झाले, तेव्हापासून अंडे घातलेल्या केकवर तपकिरी खूण येते. दूध मात्र प्राण्यापासून आलेले असूनही हिरव्या खुणेत बसते. पाश्चात्त्य देशांत अंडी खाणाऱ्यालाही पुष्कळदा शाकाहारीच म्हणतात. म्हणजे शब्दाचा अर्थ देशागणिक बदलतो.

महात्मा गांधींनी या प्रश्नाचा दोन्ही बाजूंनी विचार केला होता. १९४२ साली पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना त्यांनी आरोग्यावर एक छोटे पुस्तक लिहिले. ज्याला दूध चालते त्याला पिल्लू न निघणारे अंडे चालायला हरकत नसावी, असा विचार त्यात आहे. परंतु तरुणपणी विलायतेत हाच पेच पडला तेव्हा त्यांनी अंडी सोडली होती. कारण काय, तर मांस न खाण्याची शपथ आईने घातली होती, आणि आईच्या मनात मांस या शब्दात अंडेही येत होते. शपथेचा अर्थ ती घालणाऱ्याने लावायचा, घेणाऱ्याने सोयीने बदलायचा नाही. मला हे फार पटते. आमच्या काकाजींनी माळ घातली तेव्हा मनात अंडे वर्ज्य धरले होते. मग पोल्ट्रीचे शास्त्र सांगून त्यांना ते शाकाहारी ठरवून देणारा मी कोण? जत्रांतल्या पशुबळीविरुद्ध आयुष्यभर कीर्तने करणाऱ्या गाडगेबाबांनी २० डिसेंबर १९५६ रोजी याच वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी देह ठेवला. इथे हा विषय हलका नाही.

हे शहाणपण मला उशिरा आले, हेही कबूल करतो. नवा नवा दवाखाना घातला तेव्हा एका अशक्त म्हातारीच्या सुनेला मी सांगितले होते, पोळीच्या कणकेत अंडे मिसळून द्या, कळणार नाही. चौथ्या दिवशी कळले. म्हातारीने आठ दिवस सुनेच्या हातचे पाणीसुद्धा घेतले नाही, आणि माझ्याकडे ती पुन्हा कधी आली नाही. घरात कोणीही असले चोरून खाऊ घालू नये.

आता खरी गंमत पाहा. काकाजींच्या पायांना अंड्यांनी गुण आलाच नसता. मोठ्या माणसाला ब-१२ रोज दोन मायक्रोग्रॅमहून थोडे अधिक लागते. एका अंड्यात ते साधारण अर्धा मायक्रोग्रॅम असते, आणि त्यातलेही थोडेच अंगी लागते. पेलाभर दुधात याहून जास्त मिळते! अंडे चांगले अन्न आहे यात वाद नाही. सहा ग्रॅम उत्तम प्रथिने एवढ्या स्वस्तात दुसरीकडे मिळणे कठीण. पण नसांना इजा झाल्यावर भरपाई अन्नाने होत नाही, तिथे इंजेक्शनच लागते.

हे जीवनसत्त्व ज्वारीत, तुरीत, पालेभाजीत नाही. ते जिवाणू तयार करतात आणि दूध, अंडी, मांस यांतून आपल्याला मिळते. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत पुण्याच्या शहरी आणि ग्रामीण भागांतील ४४१ मध्यमवयीन पुरुषांपैकी सुमारे दोन-तृतीयांशांत ते कमी आढळले. शाकाहाऱ्यांत धोका जास्त होता. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना आणि अॅसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षे खाणाऱ्यांनाही ही कमतरता येते. काकाजी मेटफॉर्मिन घेतच होते, आणि घरचे सगळे दूध डेअरीत जात होते. शाकाहार होता, पण त्यातले दूध-दही निघून गेले होते. आमच्या बऱ्याच घरांत हेच घडते.

एक सूचना. मुंग्या येतात म्हणून नुसती फॉलिक अॅसिडची गोळी आपल्या मनाने घेऊ नका. त्याने रक्त सुधारल्यासारखे दिसते आणि आत नसा खराब होत राहतात.

माळकऱ्यांसाठी आनंदाची गोष्ट अशी की औषधातले ब-१२ कारखान्यात जिवाणूंपासूनच तयार होते, त्यात मांस-अंडे काही नाही. मात्र पुष्कळ कॅप्सूलचे कवच जिलेटिनचे, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून केलेले असते. दुकानदाराकडे साधी गोळी मागावी.

मुलांचा प्रश्न निराळा. मेळघाटात अमृत आहार योजनेत लहान मुलांना अंडी देतात, न खाणाऱ्यांना केळी. शाळांत आठवड्याला एक अंडे देण्याचे शासनाने २०२३ च्या नोव्हेंबरात ठरवले आणि २०२५ च्या जानेवारीत त्याचा निधी थांबवला. मला तो निर्णय चुकीचा वाटतो. ज्या घरात अंडे चालते त्या मुलाला ते मिळावे. परंतु अंड्याऐवजी केळ ही बरोबरी नाही. केळात प्रथिने जेमतेम एक ग्रॅम आणि ब-१२ शून्य. अंडे न खाणाऱ्या मुलाला पेलाभर दूध आणि शेंगदाण्याची चिक्की द्या. आणि अंडे द्याल ते शिजवूनच. आखाड्यातली मुले दुधात कच्चे फोडून पितात, त्यातली जवळपास निम्मी प्रथिने वाया जातात, शिवाय जुलाबाची भीती.

काकाजींना दिवसाआड इंजेक्शने दिली, मग आठवड्याला एक, आता महिन्याला एक. चप्पल पायात राहते. डाव्या अंगठ्याची बधिरता मात्र गेलेली नाही, ती बहुधा राहील. वर्षभर आधी यायला हवे होते. संध्याकाळचे दूध आता घरी ठेवतात. मुलगा अंडी खातो, पण ती बाहेरच्या चुलीवर वेगळ्या गंजात उकडतो.