जुन्या गाडीची नाडीपरीक्षा

पारनेर तालुक्यांतील राळेगणसिद्धी हें गांव अण्णा हजारे यांच्या कार्यामुळें सर्वश्रुत आहे. अण्णा सैन्यांत ट्रकचालक होते. १९७५ सालीं सेवा संपवून ते गांवीं परतले. त्या काळीं तेथील पाझर तलावाच्या बांधांतून पाणी वाहून जात असे. ग्रामस्थांनीं श्रमदानानें तो बांध दुरुस्त केला आणि खालच्या विहिरींना पाणी आलें. आधीं गळती शोधावी, मग कुदळ उचलावी, हा त्यांतील धडा जुन्या मालवाहू गाडीसही तंतोतंत लागू पडतो.

कांदा व दूध वाहणाऱ्या डिझेलच्या पिकअप गाड्या आपल्या जिल्ह्यांत गांवोगांव दिसतात. अशी एखादी जुनी गाडी बिघडली कीं पुष्कळ लोक अंदाजानेंच एकेक सुटा भाग बदलूं लागतात. पैसा जातो व दोष मात्र तसाच राहतो. वैद्य जसा औषधापूर्वीं नाडी पाहतो, तसें आपणही लक्षणांवरून कारण शोधूं. तत्पूर्वीं गाडी सपाट जागीं उभी करून, हातब्रेक ओढून चाकांस दगड लावावे.

पहिला दोष गाडी सुरू न होण्याचा. गिअर न्यूट्रलमध्यें ठेवून, हेडलाइट लावून किल्ली फिरवावी. दिवे मंद होऊन नुसती टकटक ऐकूं आली, तर बॅटरी उतरली आहे किंवा तिच्या टोकांवर गंज चढला आहे. गाडी उभी असतां पूर्ण भरलेली बॅटरी सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते. दिवे प्रखर राहूनही इंजिन मुळींच हललें नाहीं, तर दोष बहुधा स्टार्टरमध्यें अथवा त्याच्या तारांत असतो. इंजिन जोमानें फिरतें पण पेट घेत नाहीं, अशा वेळीं सायलेन्सरकडे पाहावें. धूर मुळींच नसेल, तर डिझेल पोहोंचत नाहीं. फिल्टर तुंबला असेल वा नळींत हवा शिरली असेल. पांढरा धूर निघत असेल, तर डिझेल पोहोंचतें पण जळत नाहीं. थंडीच्या दिवसांत हीटर प्लग तपासावे.

दुसरा दोष गिअरांचा. इंजिन बंद असतां सर्व गिअर सहज पडतात, पण चालू असतां खरखरतात, तर गिअरबॉक्स बहुधा निर्दोष असून क्लच पुरता सुटत नाहीं. चढावर इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाहीं, तर क्लचप्लेट घसरत आहे. एकच गिअर वारंवार निसटत असेल, तर मात्र गिअरबॉक्स उघडण्याचा विचार करावा.

तिसरा दोष ब्रेकचा. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांस सारखा पोहोंचतो, हें तत्त्व पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञानें सतराव्या शतकांत मांडलें. ब्रेक ऑइलचें कार्य त्यावरच चालतें. द्रव दबत नाहीं, हवा दबते. म्हणून पेडल स्पंजासारखें मऊ लागल्यास नळींत हवा शिरली असें समजावें. पेडलवर पाय स्थिर ठेवला असतां तें हळूहळू खालीं जात असेल, तर ऑइल गळत आहे किंवा मास्टर सिलिंडरचें रबर झिजलें आहे. गाडी एका बाजूस ओढत असेल, तर बहुधा दुसऱ्या बाजूचा ब्रेक दुबळा असतो. ब्रेक ऑइल हवेंतील ओलावा शोषतें. असें जुनें ऑइल माळशेजसारखा घाट उतरतांना तापून उकळूं शकतें. त्याची वाफ होते आणि पेडल एकाएकीं तळाशीं जातें. म्हणून तें सुमारें दोन वर्षांनीं बदलावें, आणि उतारावर खालचा गिअर ठेवून ब्रेकवरील भार हलका करावा.

पहिले दोन दोष गाडीस जागीं उभी करितात. तिसरा तिला उभी राहूं देत नाहीं. यास्तव बाजारांत कांद्याचा भाव कितीही चढला असला, तरी ब्रेकविषयीं शंका असतां गाडी हलवूं नये, अशी पालकांस आमची विनंती आहे. फुटलेला बांध पुन्हां घालतां येतो. गेलेला जीव परत आणितां येत नाहीं.