तीव्र रक्तकर्करोग : पहिले काही तास मोलाचे

रक्ताचा कर्करोग झाल्याचे समजताच रुग्णाचे आप्त बहुधा हताश होतात. तथापि प्रौढ व्यक्तींना होणाऱ्या तीव्र रक्तकर्करोगात प्रारंभीच्या दिवसांत रुग्ण दगावतो तो बहुतांशी जंतुसंसर्ग व रक्तस्राव यांसारख्या उपद्रवांमुळे. हे उपद्रव वेळीच ओळखल्यास त्यांवर उपाय करता येतात. म्हणूनच शिक्षक, पंचायत सदस्य व ग्रामपातळीवरील कर्मचारी यांना त्यांची माहिती असणे अगत्याचे आहे.

रोगाचे स्वरूप

रक्तपेशी हाडांतील अस्थिमज्जेत तयार होतात. या रोगात तेथे अपक्व पांढऱ्या पेशींची बेसुमार वाढ होऊन निरोगी पेशींची निर्मिती खुंटते. तांबड्या पेशी घटल्याने फिकटपणा येतो व दम लागतो. रक्तपट्टिका, म्हणजेच प्लेटलेट, घटल्याने रक्तस्राव होतो. आणि कार्यक्षम पांढऱ्या पेशींच्या अभावी रोगप्रतिकारशक्ती क्षीण होते. हे सारे अवघ्या काही आठवड्यांत घडू शकते.

ताप : धोक्याची सूचना

जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी दर घनमिलिमीटर रक्तात ५०० हून कमी झाल्या, की साधा संसर्गही प्राणघातक ठरू शकतो. अशा रुग्णात पू वा सूज फारशी दिसत नाही. पुष्कळदा ताप हेच एकमेव लक्षण असते. रुग्णालयात पोहोचल्यापासून एका तासाच्या आत शिरेतून प्रतिजैविके सुरू व्हावीत, असा वैद्यकीय दंडक आहे. उपचार चालू असलेल्या रुग्णास १००.४ अंश फॅरनहाइट वा अधिक ताप आल्यास तापाची गोळी देऊन सकाळची वाट पाहणे घातक होय.

रक्तस्राव

निरोगी माणसाच्या दर घनमिलिमीटर रक्तात दीड लाखांहून अधिक रक्तपट्टिका असतात. त्या दहा हजारांच्या खाली गेल्यास इजा न होताही रक्तस्राव संभवतो. प्रोमायलोसायटिक या प्रकारात तर रक्त गोठण्याची यंत्रणाच बिघडते व मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. शांघाय येथील डॉ. वांग झेन-यी यांनी १९८० च्या दशकात या प्रकारावर 'अ' जीवनसत्त्वापासून बनणारे औषध यशस्वीपणे वापरले. या औषधास आर्सेनिक ट्रायऑक्साइडची जोड मिळाल्याने आज बहुसंख्य रुग्ण बरे होतात. मात्र हा लाभ पहिले काही दिवस तगून राहणाऱ्यासच मिळतो. म्हणून सबळ संशय येताच, अंतिम तपासणीची वाट न पाहता, हे औषध सुरू केले जाते.

अन्य दोन उपद्रव

पांढऱ्या पेशी एक लाखाच्या वर गेल्यास फुप्फुस व मेंदूतील सूक्ष्म वाहिन्या तुंबून धाप लागते, भ्रम होतो. तसेच औषधांनी कर्कपेशी एकदम फुटल्यास रक्तातील पोटॅशियम व युरिक आम्ल वाढून मूत्रपिंडे व हृदय धोक्यात येतात. ते टाळण्यासाठी शिरेतून द्रव व अॅलोप्युरिनॉलसारखी औषधे आधीच दिली जातात.

ग्रामपातळीवरील कर्तव्ये

पावसाळ्यात ताप व कमी रक्तपट्टिका दिसताच डेंग्यूचे अनुमान केले जाते व ते बहुधा योग्यही असते. परंतु सोबत हिमोग्लोबिन बरेच घटलेले असल्यास, पांढऱ्या पेशी फार वाढलेल्या असल्यास, किंवा हिरड्यांतून रक्त व अंगावर लाल ठिपके दिसून ताप लांबल्यास काचपट्टीवर रक्ततपासणी त्वरित करून घ्यावी. निदान होईपर्यंत अॅस्पिरिन व स्नायूत टोचावयाची इंजेक्शने टाळावीत. प्रकृती गंभीर असल्यास १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली अंगीकृत रुग्णालयांत कर्करोगावरील उपचारांची सोय आहे; तिची माहिती कुटुंबास द्यावी.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. तांबड्या पेशी रक्तपेढीत महिनाभर टिकतात. रक्तपट्टिका मात्र साधारणतः पाचच दिवस. वर्षातून एकदा घेतलेल्या मोठ्या रक्तदान शिबिराचा या रुग्णांना उपयोग होतो तो त्या आठवड्यापुरताच. पंचायती व शाळांनी परस्परांत ठरवून वर्षभर लहान लहान शिबिरे भरविल्यास कोणत्याही दिवशी दाखल होणाऱ्या रुग्णास रक्तपट्टिका मिळू शकतील.